ओट्यावरच्या गप्पाही हव्यात

आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी नोकरी सांभाळून मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला हातभार लावतात. त्यांच्या सांगण्यावरून गेल्या पावसाळ्यात दहावीचा एक विद्यार्थी अशाच एका प्रकल्पाच्या चॅट चॅनेलवर गेला. अडलेला प्रश्न विचारला, उत्तरही मिळाले. आनंदाच्या भरात त्याने लिहिले, की इंदुरात धो धो पाऊस आहे आणि आईने भुट्ट्याचा कीस केला आहे. लगेच उत्तर आले, "येथे फक्त कामाचे बोला." सांगणाऱ्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण तो मुलगा पुन्हा तिकडे फिरकला नाही.

दोष नियमाचा नाही. शेजारी दुसरी खोली नव्हती, हा दोष. जुन्या घरांत बैठक असे आणि बाहेर ओटाही असे. बैठकीत व्यवहाराच्या गोष्टी होत, ओट्यावर बसून माणसे एकमेकांची होत.

संगणकाच्या जगाला ही सोय ठाऊक आहे. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी ही गप्पांची पद्धत सुरू केली. उबुंटूच्या मंडळींनी तिच्यावर मदतीचे चॅनेल वेगळे ठेवले आणि अवांतर गप्पांसाठी 'उबुंटू-ऑफटॉपिक' हे वेगळे चॅनेल काढले. लिबेरा या आयआरसी जाळ्यावर तर नावावरूनच फरक कळतो. प्रकल्पाच्या अधिकृत चॅनेलच्या नावाआधी एक हॅशचिन्ह, अनौपचारिक चॅनेलच्या नावाआधी दोन.

कोणी म्हणेल, हा वेळेचा अपव्यय आहे. आम्हांस तसे वाटत नाही. या कामात बहुतेक जण स्वेच्छेने येतात. पगारासाठी नव्हे, तर ओळखीपाळखीसाठी माणूस टिकतो. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या जुन्या जाळ्याच्या मालकीवरून वाद झाला. ते चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनीच लिबेरा उभे केले. पाठोपाठ अनेक प्रकल्पांनी आपली चॅनेले तिकडे हलवली. जागा बदलली तरी माणसे एकमेकांना धरून राहिली, ती ओळखीमुळेच, असे आमचे मत आहे.

मात्र ओटा म्हणजे उकिरडा नव्हे. अनधिकृत म्हणजे बेबंद, असा अर्थ कोणी घेऊ नये. तेथेही शिवीगाळ, टिंगल, जातीधर्मावरून टोमणे चालता कामा नयेत आणि लक्ष ठेवायला दोन-तीन जाणती माणसे हवीतच. दुसरे असे, की प्रकल्पाचे निर्णय ओट्यावर होऊ नयेत. आयआरसीवर साधारणपणे मागचे बोलणे साठून राहत नाही. त्या वेळी जो हजर नव्हता त्याला काहीच कळत नाही आणि गप्पांचे पाहता पाहता कंपू होतात. ठरवायचे ते बैठकीतच ठरवावे.

आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे, की आपण ज्या प्रकल्पात काम करता तेथे असा ओटा नसेल तर पुढाकार घेऊन तो सुरू करा. परवानगीची फार वाट पाहू नका, पण अधिकृत मंडळींच्या कानावर जरूर घाला. चॅनेलच्या माथ्यावर 'हे अनधिकृत आहे' असे स्पष्ट लिहा. रोज थोडा वेळ स्वतः हजर राहा, कारण रिकाम्या ओट्यावर कोणी बसत नाही. शाळेतल्या मुलांनी घरी सांगूनच तेथे जावे आणि आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक, छायाचित्र कोणालाही देऊ नये.

पुढच्या पावसाळ्यात आपला एखादा विद्यार्थी भुट्ट्याच्या किसाबद्दल लिहील, तेव्हा "कसा करतात हो?" असे विचारणारे कोणीतरी तेथे असावे, एवढीच आमची इच्छा.