माल उशिरा निघणार, हे कधी सांगावे?

यंत्रमागाच्या धंद्यात ‘उद्या संध्याकाळी माल निघेल’ या वाक्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. भिवंडी असो, मालेगाव असो वा इचलकरंजी, गिऱ्हाईकाने विचारले की हेच उत्तर मिळते. त्याला ‘इन्शाअल्लाह’ जोडले म्हणजे बीम न चढवलेल्या मागावर कापड विणले जात नाही. आमच्या मते ऑर्डर हातची जाते ती उशिरामुळे कमी आणि या उत्तरामुळे जास्त.

हिशोब करून पाहू. समजा, १०० मीटरचे २०० तागे रंगवून ३० दिवसांत द्यायचे आहेत. सायझिंगला ४ दिवस. २४ माग लावले आणि दर मागाला रोज ६० मीटर धरले तर विणाईला १४. रंगाईला ७, घडी-पॅकिंगला २, ट्रान्सपोर्टला २. झाले २९. हातात उरला एक दिवस. आता लेबले ४ दिवस उशिरा छापून आली तरी बिघडत नाही, ती घडीच्या वेळीच लागतात. पण विणाईत २ दिवस गेले की वायदा चुकलाच. कोणते काम पुढच्या कामाला अडवून धरते, तेवढ्यावर नजर ठेवायची. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कामांसाठी हाच हिशोब शास्त्र म्हणून मांडला गेला. त्याला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. आपल्या मुनीमजींना नाव ठाऊक नसेल, गणित त्यांच्या वहीत सहज बसते.

विणाई मागे पडली की आपण धावतो आणखी मागांकडे. विणाईच्या तिसऱ्या दिवशी कळले तर हे ठीक आहे. अकराव्या दिवशी नव्या मागाला बीम कोठून आणणार? सायझिंगचे ४ दिवस पुन्हा लागतात, आणि सूत त्याच लॉटचे मिळेल याची खात्री नाही. त्यापेक्षा तयार झालेले १०० तागे रंगाईला पुढे पाठवावेत, उरलेले मागून. मात्र एका रंगाचे सगळे तागे एकाच लॉटमध्ये जावेत, नाहीतर छटा बदलते आणि माल परत येतो. हे सारे जमते ते खबर वेळेवर मिळाली तर. उशिराची खबर आणणाऱ्या मुकादमावरच जो मालक ओरडतो, त्याला ती मिळत नाही.

जोखमीचा विचार तर ऑर्डर घेतानाच व्हावा. रमजान ईद दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे येते आणि कारागीर गावी जातात. याला अचानक आलेले संकट कसे म्हणावे? मार्च २०२० ची टाळेबंदी कोणाच्या वहीत नव्हती, ती गोष्ट वेगळी. विणाई ईदच्या तोंडावर येत असेल तर तारीखच पुढची मागावी. प्रोसेसवाला एकच असेल तर दुसऱ्याकडे आधीच नमुना रंगवून ठेवावा. वाटेतल्या नुकसानीची जोखीम विम्यावर टाकता येते. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी माल दोन गाड्यांत विभागून पाठवावा. वीज जाणे, माग बिघडणे टळत नाही. त्यासाठी २-३ दिवस बाजूला ठेवून मगच गिऱ्हाईकाला तारीख द्यावी. प्रत्येक जोखमीपुढे माणसाचे नाव लिहावे, कारण सगळ्यांचे काम कोणीच करत नाही.

इतके करूनही उशीर होणार असे दिसले, तर त्याच दिवशी गिऱ्हाईकाला फोन करावा. आठ दिवस आधी कळले तर तो आपल्या दुकानाची सोय पाहतो, शेवटच्या दिवशी कळले तर ऑर्डर रद्द करतो. नुसते ‘उशीर होईल’ म्हणू नये. १२० तागे ठरल्या तारखेला आणि ८० तागे ५ दिवसांनी, असे आकड्यांत सांगावे. कोणता रंग आधी हवा तेही त्याच वेळी विचारून घ्यावे, म्हणजे ते तागे पहिल्या लॉटमध्ये घालता येतात.