बेझंटबाईंचा छापखाना

आमच्या नागपुरात पाऊल टाकायला एका सत्तरीला टेकलेल्या बाईंना सरकारची बंदी होती, हे सांगितले तर पुष्कळ वाचकांना नवल वाटेल. साल १९१६. सरकार मध्यप्रांत-वऱ्हाडचे आणि बाई म्हणजे अॅनी बेझंट. मुंबई सरकारनेही आपल्या वेशीवर तसाच मज्जाव केला होता. बाईंजवळ ना बाँब, ना पिस्तूल. होते ते एक दैनिक.

बेझंटबाई म्हटल्या की कुणाला थिऑसफी आठवते, कुणाला काशीचे सेंट्रल हिंदू कॉलेज. मला मात्र त्यांच्यातली छापखानेवाली बाई अधिक मोहात पाडते.

जन्म १८४७ चा, लंडनचा; कूळ बव्हंशी आयरिश. विसाव्या वर्षी एका पाद्र्याशी लग्न झाले. नवऱ्याशी पटेना आणि त्याच्या देवाशीही पटेना. १८७३ त त्या वेगळ्या झाल्या. पुढे चार्लस ब्रॅडलॉ यांच्याबरोबर त्यांनी प्रकाशनसंस्था काढली आणि १८७७ साली संततिनियमनावरचे एक जुने पुस्तक सहा पेन्सांना मुद्दाम छापून विकले. खटला झाला. बाईंनी कोर्टात आपली बाजू स्वतः मांडली. झालेली शिक्षा अपिलात तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली खरी. पण दुसऱ्याच वर्षी धाकटी मुलगी मेबल कोर्टाने त्यांच्याकडून काढून बापाच्या हवाली केली. पुस्तक छापणारी आई मुलीला सांभाळायला लायक नाही, असा न्याय! (आमच्या र. धों. कर्व्यांनी याच विषयापायी पन्नास वर्षांनंतर काय सोसले, ते आपण जाणतोच.) मेबल मोठी झाल्यावर आपण होऊन आईकडे परतली, पण मधली वर्षे कोण भरून देणार?

तरी बाईंची लेखणी थांबली नाही. १८८८ त अर्ध्या पेनीच्या 'लिंक' साप्ताहिकात त्यांनी काड्यापेटीच्या कारखान्यातल्या मुलींचे हाल छापले. मुलींनी संप केला आणि मालकांना नमते घ्यावे लागले.

१८९३ त त्या हिंदुस्थानात आल्या, सेहेचाळीस वर्षांच्या असताना. त्या काळी या वयात आपल्याकडे बायका सून आणून काशीयात्रेचे बेत करीत. बाईंनी १९१४ च्या जानेवारीत 'कॉमनविल' साप्ताहिक काढले आणि जुलैत 'मद्रास स्टँडर्ड' हे चालते दैनिक विकत घेऊन त्याचे नाव 'न्यू इंडिया' ठेवले. मागणी एकच, स्वराज्य.

१९१० चा छापखान्याचा कायदा मोठा कावेबाज होता. आधी जामिनाची रक्कम भरा; मजकूर खटकला की ती जप्त; मग वाढीव रक्कम भरा; तीही गेली की छापखानाच सरकारजमा. मे १९१६ मध्ये बाईंकडून २,००० रुपये घेतले, ऑगस्टात जप्त केले आणि पुढे १०,००० मागितले. बाईंनी तेही भरले! त्या थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत भांडल्या आणि १९१९ त तेथेही हरल्या.

गंमत अशी की, होमरूलच्या वाटणीत नागपूर-वऱ्हाड होते टिळकांच्या लीगकडे. बाईंचा हा मुलूखच नव्हे. सरकारला तरीही धास्ती!

जून १९१७ मध्ये बाईंना उटकमंडला स्थानबद्ध केले. देशभर इतका गहजब झाला की सप्टेंबरात सोडावे लागले आणि डिसेंबरात त्या कलकत्त्याच्या काँग्रेसच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या.

आणि मग ओहोटी. गांधीजींचा सत्याग्रह बाईंना मानवला नाही. कायदेभंगाने बेबंदशाही माजेल, असे त्यांना मनापासून वाटे. वाचक रागावतील म्हणून मत गिळणे त्यांना कधीच जमले नव्हते. त्यांनी उघड विरोध केला आणि ज्यांनी काल गाडीवर फुले उधळली, तेच पाठ फिरवू लागले. डिसेंबर १९२० मध्ये असहकारावर काँग्रेसने शिक्कामोर्तब केले, ते आमच्या नागपुरातच.