फायरप्लेसच्या ब्लोअरला वीज कुठून घ्यायची?

अमेरिका-कॅनडात थंडी सुरू झाली की तिथल्या आपल्या मंडळींना भिंतीतल्या गॅस फायरप्लेसची आठवण होते. ज्योत छान दिसते, पण बरीच उष्णता पेटीभोवतीच अडकून राहते. म्हणून ब्लोअर. हा छोटा पंखा खोलीतली हवा खालून ओढतो, पेटीच्या बाहेरून फिरवतो आणि गरम करून खोलीत सोडतो. जळत्या गॅसशी त्या हवेचा संबंध येत नाही.

पंखा आत सरकवणे सोपे. घोळ होतो तो विजेचा. भिंतीवर फायरप्लेसचे बटण असतेच, मग तिथूनच वीज घेऊ, असे वाटते. तसे करू नका! अनेक मॉडेलमध्ये त्या तारांत घरची वीज नसते. पायलट ज्योतीच्या उष्णतेवर थर्मोपाइल जेमतेम पाऊण व्होल्ट तयार करतो आणि त्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. तिथे 120 व्होल्ट सोडले तर व्हॉल्व्ह जळू शकतो. खेळ गॅसशी आहे.

पेटीखालच्या पोकळीत बिल्डरने कधी कधी सॉकेटसाठी डबा ठेवलेला असतो, पण त्यात वीज असेलच असे नाही. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे दर ऐकून पोटात गोळा येतो, हे मान्य. बाकी पंखा तुम्ही बसवू शकता: गॅस बंद, पेटी थंड, तारा तापणाऱ्या पत्र्यापासून दूर. उष्णतेवर चालणारा स्विच पेटीला नीट चिकटलेला हवा, नाहीतर पंखा फिरणारच नाही. आणि मॉडेलच्या पुस्तिकेत ब्लोअर किटचा उल्लेखच नसेल, तर विषय तिथेच सोडा.