मणक्याचा एमआरआय शस्त्रक्रियेआधीच हवा



४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते आमच्या पवईच्या आयआयटीत कार-टी उपचाराचे लोकार्पण झाले. अभिमान वाटलाच. पण तो उपचार ठरावीक रक्तकर्करोगांसाठी आहे. मुलांच्या मेंदूतील गाठीबाबत बरेच काही ठरते ते बातमी न होणाऱ्या एका तपासणीवर.

मेड्युलोब्लास्टोमाचे घ्या. छोट्या मेंदूत वाढणारी ही गाठ मेंदूभोवतीच्या पाण्यातून मणक्यात उतरू शकते. म्हणून १९६९च्या चँग यांच्या वर्गवारीतील एम-शून्य ते एम-चार या पायऱ्या आजही पाहतात: पाण्यात पेशी सापडल्या तर एम-एक, मणक्यात गाठी दिसल्या तर एम-तीन. तीन वर्षांवरील मुलात प्रसार नसेल आणि दीड चौरस सेंटीमीटरहून जास्त गाठ उरली नसेल, तर मेंदू-मणक्याला साधारण २३.४ ग्रे रेडिएशन पुरते. प्रसार असेल तर ३६. विनाकारण जास्त दिले तर मुलाची उंची खुंटते, बुद्धीवर परिणाम होतो. कमी पडले तर गाठ परतते.

हा प्रसार दाखवणारा मणक्याचा एमआरआय शस्त्रक्रियेआधी का? नंतर मणक्यात उतरलेले रक्त गाठीसारखे दिसते आणि निदान अडते. (पेशी तपासण्यासाठी पाठीतले पाणी मात्र शस्त्रक्रियेनंतर दोनेक आठवड्यांनी काढतात, डोक्यात दाब असताना ते धोक्याचे.) डोक्यात पाणी साचून मूल बेशुद्ध होत असेल, तर कशासाठीच थांबू नये, हे मान्य. एरवी 'चिठ्ठीवर फक्त डोकेच लिहिले होते' ही सबब चालू नये. छोट्या मेंदूत गाठ दिसताच, भूल दिलेले मूल एमआरआयच्या टेबलावरून उतरवण्याआधी, रेडिऑलॉजिस्टने सर्जनना फोन करून मणकाही तपासून घ्यावा.

टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या केंद्रातील संशोधकांनी बायोप्सीच्या मेणात जतन केलेल्या तुकड्यावरून या गाठीचे उपप्रकार ओळखणारी चाचणी विकसित केली आहे. तीही हवीच, पण ती केली म्हणून मणका तपासायचा राहून चालत नाही.

आता वृत्तपत्रांविषयी. 'चौथ्या स्टेजचा ब्रेन ट्युमर' असे मदतीच्या आवाहनांत सर्रास छापले जाते. पण तो आकडा बहुधा ग्रेडचा असतो, प्रसाराचा नव्हे: बायोप्सीत मेड्युलोब्लास्टोमा नेहमीच ग्रेड चार असतो, मग तो कणभरही पसरलेला नसो. न पसरलेल्या गाठीत चांगल्या केंद्रांत दहापैकी सुमारे आठ मुले पाच वर्षांनंतर हयात असतात. 'चौथी स्टेज' वाचून हाय खाल्लेले आईबाप उपचार सोडून गावी निघाले, तर त्यात आपल्या वृत्तपत्राचाही वाटा असेल. असे आवाहन छापण्यापूर्वी आपल्या वार्ताहरांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे: मणका तपासला का, आणि एम किती?

– एक वाचक, पवई