टेंभली ते तार्तू

29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. एरवी कुपोषणाच्या बातम्यांपुरता आठवला जाणारा आमचा जिल्हा त्या दिवशी वेगळ्या कारणाने वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया या देशाने आपल्या नागरिकांना डिजिटल ओळखपत्रे द्यावयास त्याच्या आठ वर्षे आधी, 2002 मध्ये, आरंभ केला होता. पुढे 2014 च्या डिसेंबरपासून त्या देशाने जगातील कोणालाही 'ई-रहिवासी' होण्याची मुभा दिली, आणि ऑगस्ट 2020 पासून असा व्हिसा सुरू केला की ज्याचा मालक एका देशात, ग्राहक दुसऱ्या देशात आणि लॅपटॉप मांडीवर आहे, अशा माणसाने वर्षभर एस्टोनियात खुशाल राहावे. त्याचे उत्पन्न ठरावीक आकड्याच्या वर असले म्हणजे झाले. एस्टोनियन भाषा येण्याची अट त्यात नाही.

हा तपशील आम्हांला कळला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. शहादा तालुक्यातला हा मुलगा बी. ए. ला आमच्याकडे मराठी शिकला, मग संगणकाच्या वाटेने पुण्याला गेला आणि लंडनच्या एका कंपनीचे काम करीत या व्हिसावर तार्तू नावाच्या विद्यापीठनगरीत वर्षभर राहिला. डिसेंबरात तिथे सहा तासांचा दिवस असतो. त्याची पत्रे त्या अंधाराविषयी फार असत, आणि आईशी फोनवर अहिराणीत बोलताना खोलीत दिवा लागल्यासारखे वाटते, असेही त्याने एकदा लिहिले. एस्टोनियनमध्ये नमस्काराला 'तेरे' म्हणतात, याची त्याला पहिल्या आठवड्यात मोठी गंमत वाटली होती. वर्ष संपताना त्याने लिहिले, की 'तेरे' आणि 'आइतॅह' (म्हणजे आभारी आहे) या दोन शब्दांपलीकडे आपण गेलो नाही. दुकानदाराला इंग्रजी येते, घरमालकाला येते, सरकारी कामे पडद्यावर होतात. "सर, मी तिथे राहिलो असं म्हणता येईल का?" हा त्याचा प्रश्न होता.

आम्ही दोघांनी ते पत्र स्टाफरूममध्ये वाचले आणि उत्तर द्यावयास बसलो, ते उत्तर अद्याप गेलेले नाही. कारण एकाने सहज विचारले, "आपल्याला पावरी किती येते?"

आम्ही या जिल्ह्यात पंधरा वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवतो आहोत. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी दहांत जवळजवळ सात जण अनुसूचित जमातींचे आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणारी मुले घरी पावरी किंवा भिलीची कुठली तरी बोली बोलतात, नवापूरकडची मावची किंवा कोकणी. वर्गात ती गप्प असतात. त्या गप्पपणाला आम्ही आजवर संकोच म्हणत आलो, कधी अभ्यासाचा अभाव म्हणत आलो. आमचा अभ्यासक्रम दुरून तयार होऊन येतो, पुस्तके पुण्या-मुंबईहून येतात, आमची वाङ्मयीन भांडणेही तिकडचीच, आणि आमचे लेख जिथे छापून यावेत असे वाटते ती नियतकालिकेही तिकडचीच. राहावयाचे नंदुरबारला आणि काम करावयाचे अन्यत्र, असा हा प्रकार आहे. आमच्या विद्यार्थ्याला निदान दोन शब्द येत होते.

आता एस्टोनियाकडे पुन्हा वळतो, कारण तुलना व्हिसापाशी संपत नाही. त्या देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत, म्हणजे आमच्या एका जिल्ह्याहून कमी. एस्टोनियन ही ज्यांची मातृभाषा आहे असे लोक जगभरात जेमतेम अकरा लाख. उलट 2011 च्या जनगणनेत 'भिली/भिलोडी' या शीर्षकाखाली मोजले गेलेले भाषक एक कोटी चार लाखांवर आहेत. अकरा लाखांच्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवली जाते, न्यायनिवाडे लिहिले जातात. एक कोटीची भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि आमच्या महाविद्यालयांत तिचा उल्लेख 'बोलीभाषा' या घटकात, दहा गुणांच्या टिपेपुरता येतो.

हे संख्येने घडत नाही, हे उघड आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी एस्टोनियन भाषेची स्थिती आजच्या भिलीहून फार निराळी नव्हती. जमीनदार जर्मन, पाद्री बहुतेक जर्मन, 1802 मध्ये पुन्हा उघडलेल्या तार्तू विद्यापीठाची अध्यापनभाषा जर्मन, आणि एस्टोनियन ही शेतकऱ्यांची, भूदासांची बोली. 1838 मध्ये तार्तूला 'विद्वान एस्टोनियन मंडळ' स्थापन झाले, त्यातही बरेचसे जर्मनच होते. आम्हांला इथे थबकावेसे वाटते. हे लोक परके होते, वरच्या वर्गातले होते आणि ज्यांच्यात राहत होते त्यांची भाषा ही अभ्यासाची वस्तू आहे, असे त्यांच्यातील काहींना वाटले. याच मंडळाने भूदासाच्या घरी जन्मलेल्या क्रॉइत्सवाल्ड या डॉक्टरचे, लोककथा आणि लोकगीतांच्या आधारे रचलेले 'कालेविपोएग' हे महाकाव्य 1857 ते 1861 या काळात, मूळ एस्टोनियन आणि शेजारी जर्मन भाषांतर असे छापले. मग 1888 मध्ये याकोब हुर्ट या एस्टोनियन पाद्र्याने वृत्तपत्रांतून आवाहन केले, की आपापल्या गावातील गाणी, म्हणी, कहाण्या लिहून पाठवा. शेतकरी, शाळामास्तर, शिंपी असे हजाराहून अधिक लोक लिहू लागले आणि लाखाहून अधिक पृष्ठे जमली. 1919 मध्ये तार्तू विद्यापीठाची भाषा एस्टोनियन झाली, ती या पानांवर उभी राहून.

आपल्याकडे असे काही घडलेच नाही, असे नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा एक भाग 1907 मध्ये भिली बोली आणि खानदेशी यांवरच निघाला. बहिणाबाईंची गाणी 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा शेतात काम करणाऱ्या, लिहिता न येणाऱ्या बाईच्या बोलीने मराठी कवितेला चकित केले. पण ती बोली मराठीच्या अंगणातली होती; ओसरीवर यावयास तिला अडचण पडली नाही. शहादा परिसरातील वाहरू सोनवणे भिलीतही लिहितात आणि मराठीतही. त्यांची 'स्टेज' ही कविता आम्ही वर्गात उत्साहाने शिकवतो. आदिवासींविषयी व्यासपीठावरून इतरांनीच बोलत राहण्याची ती गोष्ट आहे, आणि ती आम्ही व्यासपीठावर उभे राहून सांगतो. नर्मदाकाठच्या बुडितक्षेत्रात 1990 च्या दशकाच्या आरंभी निमगव्हाण, चिमलखेडी येथे जीवनशाळा सुरू झाल्या. तिथे मुलांच्या बोलीतून शिकवण्याचा प्रयत्न झाला, हे आमच्या किती सहकाऱ्यांना ठाऊक आहे?

मराठी लेखकाला परकेपणाचे आकर्षण जुने आहे. दिलीप चित्रे साठच्या दशकात इथिओपियात शिकवीत होते, विलास सारंग सत्तरच्या दशकात इराकमध्ये बसरा येथे. त्यातून 'एन्कीच्या राज्यात' सारखी कादंबरी आली. प्रवासवर्णनांची तर गणतीच नाही. परक्या भाषेच्या मुलखात एकटा पडलेला शिक्षक हा आम्हांला मोठा वाङ्मयीन विषय वाटतो, परिसंवाद होतात. तो मुलूख सातपुड्याच्या पायथ्याशी असला की मात्र विषय संपतो, कारण इथे आपण परके आहोत हे मान्य करावे लागते.

आक्षेप येईल, की एस्टोनियाचे गोडवे गाऊ नका. बरोबर आहे. त्या देशातील सुमारे एक चतुर्थांश लोक रशियन भाषक आहेत. सोव्हिएत काळात येऊन राहिलेल्यांना 1991 नंतर नागरिकत्वासाठी एस्टोनियनची परीक्षा द्यावी लागली, आणि सप्टेंबर 2024 पासून रशियन माध्यमाच्या शाळाही टप्प्याटप्प्याने एस्टोनियनकडे वळवल्या जात आहेत. लहान भाषा राज्यावर आली की तीही दाराशी पहारेकरी बसवते. त्यात भीतीचा भाग आहे, इतिहासाचा आहे; पण रशियन बोलणाऱ्या घरातल्या सहा वर्षांच्या पोराला त्या इतिहासाचे काय करावयाचे असते? आम्हांला यात मराठी शाळेत पहिल्या दिवशी बसवलेला धडगावचा पोर दिसतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले. ते वाटावयासच हवे होते. पण आपणही आता पहारेकऱ्याच्या बाजूला उभे आहोत, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही.

आमची मागणी मोठी नाही. त्या देशात कायमचे राहू इच्छिणाऱ्यास मध्यम पातळीची भाषा-परीक्षा द्यावी लागते. या जिल्ह्यात मराठीचा प्राध्यापक म्हणून रुजू होणाऱ्याने दोन वर्षांत पावरी, भिली, मावची यांपैकी एखादी निदान ऐकून समजण्याइतकी शिकावी, असा संकेत आपणच आपल्यापुरता का पाळू नये? त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. ते बहुधा ग्रंथालयात बसून, एकमेकांच्या वह्यांवरून भरले जातात. त्याऐवजी विद्यार्थ्याने आजीकडून एक गाणे वा कहाणी ध्वनिमुद्रित करावी, देवनागरीत तिच्याच बोलीत उतरवावी, शेजारी मराठी भाषांतर द्यावे. हुर्टने याहून वेगळे काही केले नव्हते, आणि त्याच्यापाशी मोबाइल नव्हता.

यंदा आम्ही हे अकरा विद्यार्थ्यांबरोबर करून पाहिले. चौघांनी इंटरनेटवरच्या मराठी लोकगीतांची नक्कल आणली. एका मुलीने धडगावकडच्या आपल्या आजीची, पेरणीच्या दिवसांतली एक लांब कहाणी आणली. ती उतरवताना कोणता स्वर ऱ्हस्व, कोणता दीर्घ यावर तिचे आणि तिच्या मैत्रिणीचे वर्गात चांगलेच भांडण झाले. तीन वर्षांत त्या दोघींचा आवाज आम्ही प्रथमच इतका मोठा ऐकला. वाद मिटवण्यासाठी त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. आम्ही वह्या काढून शब्द टिपून घेऊ लागलो, तर मुलीने आमच्यातील एकाची वही ओढून दुसऱ्याच ओळीतली चूक दाखवली. ती दुरुस्त करून झाली आहे. तार्तूहून आलेल्या पत्राला उत्तर लिहावयाचे अजून बाकी आहे.