कोहाचा आहेर

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले प्रबंध ‘कृषिकोश’वर वाचायला मिळतात. ज्वारी, कापूस, सोयाबीन यांच्यामागे विद्यार्थ्यांनी घातलेली वर्षे तिथे जपली जातात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ई-ग्रंथ प्रकल्पातून हा कोश उभा राहिला. प्रकल्पाला पैसा राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पाचा, म्हणजे जागतिक बँकेच्या साहाय्याचा होता. कोशाखालचे डीस्पेस हे सॉफ्टवेअर मात्र एमआयटीची ग्रंथालये आणि एचपी कंपनीची प्रयोगशाळा यांनी मिळून घडवले आणि २००२ मध्ये सर्वांसाठी खुले केले.

याच ई-ग्रंथ प्रकल्पाने ग्रंथालयांच्या कामकाजासाठी कोहा हे सॉफ्टवेअर निवडले. कोहाचा जन्म तर एका लहान सार्वजनिक ग्रंथालयाच्या अडचणीतून झाला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखांपुढे टिकणार नव्हती. न्यासाने १९९९ मध्ये कटिपो कंपनीकडून नवी प्रणाली बांधून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि जगाला देऊन टाकली. ‘कोहा’ हा माओरी शब्द. त्याचा अर्थ भेट. पण जिची जाण ठेवून पुढे परतफेड करायची, अशी. आपल्याकडे लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात, तसाच.

आपल्या ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकात सर्व्हर, बारकोड आणि वार्षिक देखभाल करार यांना रकाने असतात. मूळ सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी, म्हणजे या परतफेडीसाठी, रकाना क्वचितच दिसतो.

परभणीकरांना ही उणीव बियाण्यावरून लगेच उमगेल. भेंडीची ‘परभणी क्रांती’ याच विद्यापीठाची, हळद्या रोगाला तोंड देणारी म्हणून नावारूपाला आलेली. वाण प्रसारित झाला म्हणून पैदासकाराचे काम संपत नाही. शुद्धता राखावी लागते, पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि प्रमाणित बियाणे दर हंगामी घ्यावे लागते, आणि त्यासाठी पगार, शेत, पाणी लागते. सॉफ्टवेअरला हा हिशेब लागू नाही, असे का मानावे? मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या ‘एक्सझेड’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकरणात थकलेल्या एकट्या स्वयंसेवकाला मदत करायच्या बहाण्याने आलेल्याने जगभरच्या सर्व्हरांमध्ये शिरायची चोरवाट पेरली होती.

अशा सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी पैशाच्या वाटा तयार होत आहेत. जर्मन सरकारने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. भारत सरकारचे २०१५ चे मुक्त सॉफ्टवेअर धोरण मात्र मुख्यतः स्वीकारावर भर देते.

सरकारी अनुदानातून परदेशी प्रकल्पाला देणगी म्हटले की लेखापरीक्षणाची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. म्हणून देणगी नको, काम विकत घ्यावे. देवनागरी नावांचा अनुक्रम चुकतो, मराठी भाषांतर अपुरे राहते, अशा त्रुटींची दुरुस्ती कार्यादेश देऊन करून घ्यावी आणि ती मूळ प्रकल्पात दाखल झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. जिल्ह्यातल्या एकट्या महाविद्यालयाला हे जड जाईल. राज्यातली चार कृषी विद्यापीठे मिळून एक कार्यादेश काढू शकतात. येत्या मार्चपूर्वी देखभाल कराराचे नूतनीकरण करताना ग्रंथपालांनी ही अट मसुद्यात लिहावी आणि वित्त विभागापुढे तिचा आग्रह धरावा.