मधली दोन वर्षं काय केलंत?

सकाळी नऊच्या सुमारास कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात, की बीकेसीच्या शेअर रिक्षांची रांग आणि ३१० नंबरच्या बसची गर्दी दिसते. त्या गर्दीत रोज काही चेहरे असे असतात, ज्यांच्या गळ्यात आयकार्ड नसतं. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, इस्त्रीचा शर्ट किंवा कुर्ता आणि मोबाइलवर उघडलेला पत्ता. ही मंडळी इंटरव्ह्यूला निघालेली असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना एकाच प्रश्नाची धास्ती असते. समोरचा सीव्ही उलटत विचारणार, ‘मधली दोन वर्षं काय केलंत?’

कुणी ती दोन वर्षं एमपीएससीच्या अभ्यासाला दिलेली असतात आणि हाती काही लागलेलं नसतं. कुणाची आई आजारी होती, कुणाची स्वतःची तब्येत बिघडली होती. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांत संपलं, तर कुणी तीन नोकऱ्या चार-चार महिन्यांत सोडल्या. कारणं वेगवेगळी, पण अपराधी चेहरा सगळ्यांचा सारखाच. जणू चोरी करताना पकडले गेलोय! आमचं म्हणणं एवढंच, की हा चेहरा बदलायला हवा. आणि ते ज्या गावात, म्हणजे कुर्ल्यात, सहज सांगता येतं, तिथूनच सुरुवात करू.

कुर्ल्याच्या डॉन बॉस्को इन्स्टिट्यूटमध्ये इंजिनीअरिंग शिकणारी मुलं रोज ज्या रस्त्याने कॉलेजला जातात, त्याचं नाव प्रीमियर ऑटोमोबाइल्स रोड. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची. कारखाना गेला, नाव उरलं. पलीकडे चुनाभट्टीकडची स्वदेशी मिल. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये इथली आजारी मिल विकत घेऊन तिला ‘स्वदेशी’ नाव दिलं. तीही २००० मध्ये बंद झाली. त्याआधी १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यातले कित्येक पुन्हा मिलमध्ये गेलेच नाहीत. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झाला, कुणी गावची वाट धरली. आजच्या भाषेत त्या सगळ्यांच्या सीव्हीवर ‘गॅप’ होती. त्यांना आळशी म्हणायची हिंमत आपल्यापैकी कुणाची आहे?

याच कुर्ल्यात एक उलटी गोष्टही घडली. एलबीएस मार्गावरच्या ‘कमानी’ स्टॉपवरून आपण अनेकदा गेलो असू. कमानी ट्यूब्ज हा कारखाना मालकांच्या आपापसातल्या भांडणात १९८५ मध्ये बंद पडला. कामगार तीन वर्षांहून जास्त काळ पगाराशिवाय होते. पण डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने नुसतं ‘आम्हाला काम द्या’ म्हटलं नाही. कामगारांच्या सहकारी संस्थेने कारखाना चालवायला घ्यावा, अशी योजना कागदावर मांडली. पैसे कुठून येणार, पगार किती कमी घेणार, माल कसा काढणार, याचा हिशोब दिला. स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातले पैसे त्यात घालायची तयारी दाखवली. आजारी उद्योगांसाठीच्या बीआयएफआर या मंडळाने ती योजना मान्य केली, १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तिला हिरवा कंदील दाखवला आणि १९८९ मध्ये त्याच हातांनी पुन्हा उत्पादन सुरू झालं. पुढे काही वर्षांनी हा प्रयोग अडचणीत आला, हेही खरं. पण एवढा खंड पडल्यावरही काम जमतं, हे त्या लोकांनी करून दाखवलं.

यातून आपण काय घ्यायचं? दया मागायची नाही आणि लपवायचंही नाही. मागे काय झालं ते थोडक्यात सांगायचं आणि पुढे काय करू शकतो, त्याचा हिशोब समोर ठेवायचा.

लपवू नका, असं आम्ही म्हणतो ते फक्त नीतीच्या गोष्टी म्हणून नव्हे. पीएफ कापणारी पहिली नोकरी लागली, की तुम्हाला एक यूएएन नंबर मिळतो आणि तोच पुढच्या सगळ्या नोकऱ्यांना चालतो. कुठे कधी लागलात, कधी सोडलंत, त्याची नोंद तिथे असते. चार महिन्यांची नोकरी सीव्हीवर आठ महिन्यांची केलीत, तर बॅकग्राउंड चेकमध्ये ती उघडी पडू शकते. मग गॅपमुळे जी नोकरी कदाचित मिळालीही असती, ती खोटेपणामुळे नक्की जाते.

अजून एक. नोकरी सुटली की पीएफ काढून मोकळं व्हायची घाई बरेच जण करतात. खरंच नड असेल तर गोष्ट वेगळी. पण पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी पैसे काढले तर कर लागू शकतो. नवीन नोकरीत खातं ट्रान्सफर केलं तर आधीच्या नोकरीचा काळही धरला जातो. छोट्या छोट्या नोकऱ्या अशा जोडल्या जातात. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता. आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशीच मागा. सहा महिन्यांनी तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं.

आता प्रश्नाच्या उत्तराकडे. ‘दोन वर्षं एमपीएससी केली, प्रीलिम निघाली, मेन्स नाही. आता थांबलोय. या काळात एक्सेल शिकलो, क्लासमध्ये मुलांना शिकवलं.’ झालं! तीन वाक्यांच्या वर जायची गरज नाही. घरातलं आजारपण असेल तर ‘घरी जबाबदारी होती, आता ती व्यवस्था लागली आहे’ एवढं पुरतं. रिपोर्ट दाखवायचे नसतात. सतत नोकऱ्या सोडल्या असतील, तर मात्र स्वतःला एक प्रश्न विचारायलाच हवा. तिन्ही वेळा बॉसच वाईट होता, की आपणही काम न समजून घेता हो म्हणत होतो? चूक आपली असेल तर ती सांगणारा उमेदवार समोरच्याच्या लक्षात राहतो.

टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनाही दोन शब्द. अकरा महिन्यांची कॉन्ट्रॅक्ट तुम्हीच देता आणि मग ‘एवढ्या नोकऱ्या का बदलल्या?’ असंही तुम्हीच विचारता. हे बरोबर नाही. बाळंतपणानंतर परतणाऱ्या मुलीला ‘आता जमेल का?’ विचारण्यापेक्षा तिला एक काम देऊन बघा. टाटा समूहाने २००८ मध्ये करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी वेगळी इंटर्नशिप सुरू केली. लिंक्डइनने २०२२ मध्ये प्रोफाइलवर ‘करिअर ब्रेक’ लिहायची सोय केली. म्हणजे जग हळूहळू का होईना, मान्य करतंय. आपल्या छोट्या ऑफिसांनी, दुकानांनी, क्लासेसनीही करायला हरकत नाही. त्याला पैसे लागत नाहीत.

तुम्ही आज कॉलेजात आहात, म्हणून हे लांबचं वाटेल. पण पुढच्या चाळीस वर्षांत कधीतरी खंड पडण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा आज रात्री जेवताना घरी एकदा विचारून बघा, बाबांना, आईला, आजोबांना. ‘तुमची नोकरी कधी सुटली होती का? मग परत कशी लागलात?’ बहुतेक घरांत उत्तर मिळेल. कदाचित ते तुम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नसेल, कारण त्यांनाही त्याची लाज वाटत आली असेल. ती लाज निदान तुमच्या पिढीने पुढे नेऊ नये.